एकाच धंद्यापुरती सॉफ्टवेअरची निवडक यादी करून घरबसल्या उत्पन्न मिळतं का?

हर्णैकर

नमस्कार मंडळी. मी मूळचा हर्णैचा. पुण्यात सहा वर्षं एका सॉफ्टवेअर कंपनीत ग्राहकांचे फोन घ्यायचो. गेल्या दिवाळीत बाबांना अर्धांगाचा झटका आला, घरी कुणीतरी हवं म्हणून नोकरी सोडून आलो. आता इथे राहून काय कमवता येईल ते बघतोय.

कुठलं सॉफ्टवेअर कुणाच्या कामाचं, हे मला चटकन कळतं. रोज शंभर जणांच्या अडचणी ऐकून तेवढं अंगात मुरलंय. म्हणून डिसेंबरात वेबसाइट काढली. छोट्या धंद्यांना लागणाऱ्या सॉफ्टवेअरची निवडक यादी. दवाखाने, क्लासेस, हॉटेलं, किराणा, जिम, शेती, बांधकाम असे ११ धंदे आणि १४० सॉफ्टवेअर. प्रत्येकाखाली चार ओळी माहिती, किंमत आणि माझी लिंक. त्या लिंकवरून कुणी विकत घेतलं की कंपनी मला कमिशन देणार. पाच कंपन्यांनी अफिलिएट म्हणून मंजुरीही दिली आहे.

तीन महिने झाले. दिवसाला दहा-बारा जण येतात, त्यात ओळखीचेच बरेच. उत्पन्न शून्य. इतके धंदे एकदम घेतले हे चुकलं का? एकच घ्यायचा तर कुठला, आणि तो निवडायचा कसा? पैसे नेमके कुठून येतात? मराठीत लिहू की इंग्रजीत? ज्यांनी हे केलंय त्यांनी स्पष्ट सांगावं. घरात औषधांचा खर्च आहे, फार दिवस चाचपडत बसता येणार नाही.

जामसंडे_बागायतदार

मी आंबावाला, सॉफ्टवेअरमधला नाही. पण तुमच्या साइटवर जाऊन आलो. शेतीखाली नऊ नावं आहेत. त्यातलं माझ्या बागेला कुठलं चालेल ते शेवटपर्यंत समजलं नाही. सगळ्यांखाली तेच लिहिलंय, वापरायला सोपं, अहवाल मिळतात, मोबाइलवर चालतं.

माझी अडचण सांगतो. माझी एक पेटी म्हणजे नेहमी तेवढेच आंबे नसतात. फळ मोठं असेल तर चार डझन बसतं, बारीक असेल तर सहा. वाशीला पाठवतो ते पेटीवर, पुण्या-मुंबईच्या घरगुती गिऱ्हाइकाला देतो ते डझनावर. बाग तीच, फळ तेच, मापं दोन. अडत्याकडून पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब, येते त्यात हमाली, तोलाई, अडत कापलेली असते. हंगाम संपल्यावर वाशीला घालणं परवडलं की घरगुती विक्री परवडली, हे मला आजवर धड काढता आलेलं नाही. २०१८ ला हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, २०२५ च्या हंगामापासून आमच्या देवगडच्या संस्थेनं फळावर युआयडीचे, म्हणजे प्रत्येकी वेगळ्या ओळख-क्रमांकाचे, स्टिकर आणले. म्हणजे आता किती स्टिकर घेतले आणि किती फळांना लागले, हाही हिशेब आला.

माझी पट्टी कशात बसते ते एवढं दाखवा. मी पैसे देईन, आणि आमच्या वाडीतले आणखी चार जण देतील.

काजूहिशेब_वेंगुर्ला

हर्णैकर, वरच्या दादांनी तुम्हाला धंद्याची किल्लीच दिली आहे. त्यांची पोस्ट कागदावर उतरवून भिंतीला लावा.

मी हेच काम चार वर्षं करतेय, फक्त काजू प्रक्रियेसाठी. त्याआधी नऊ वर्षं वेंगुर्ला तालुक्यातल्या एका काजू कारखान्यात हिशेब लिहायचे. सुरुवात अशी झाली, की आमच्या मालकांनी ३८ हजार रुपये भरून एक सॉफ्टवेअर घेतलं आणि ते दोन महिन्यांत बंद पडलं. बिघडलं म्हणून नव्हे, आमचं काम त्यात बसेचना म्हणून. दाखवायला आलेल्या माणसानं टेबलाचं उदाहरण दिलं होतं. लाकूड घाला, स्क्रू घाला, पॉलिश घाला, टेबल तयार. पाच वस्तू आत, एक बाहेर. काजूत सगळं उलटं चालतं. आत एकच वस्तू जाते आणि बाहेर पंधरा येतात. तो माणूस गेल्यावर मी तीन दिवस त्या सॉफ्टवेअरशी झटत होते, आणि मालकांना वाटत होतं की हिला कॉम्प्युटर जमत नाही. ते मला फार लागलं होतं.

तेव्हा मी एक पोतं धरून बसले. काजूच्या व्यापारात उतारा ८० किलोच्या पोत्यावर सांगतात, एवढ्या बीतून किती पौंड गर निघाला. माझ्या पोत्याचा उतारा ४७ पौंड होता, किलोत २१ च्या थोडा वर. टरफल ५२ किलो, ते तेलवाल्याकडे गेलं. साल दोन किलो. उरलेलं साडेचार-पावणेपाच किलो वजन कुठेच दिसत नाही, कारण ती वाळवणीतली घट. मग गराची प्रतवारी: डब्ल्यू २१०, २४०, ३२०, ४५०, पाकळी (उभा दुभंगलेला गर), तुकडा, कणी. ३२० म्हणजे एका पौंडात ३०० ते ३२० अख्खे गर. सोलणाऱ्या बायकांची मजुरी किलोवर, आणि अख्खा गर किती निघाला त्यावर तिचा हिशेब वेगळा.

हेच एक पोतं मी १४ सॉफ्टवेअरमध्ये घालून पाहिलं. फुकट चाचणीची मुदत मिळते ना, पंधरा दिवसांची, महिन्याची, ती वापरून. चार महिने लागले. एका बीतून सगळ्या प्रती वेगवेगळ्या निघतात का? हरवलेलं वजन ते विचारतं, की गुपचूप गिळतं? मजुरी त्याच पानावर लागते का? २४० ची किंमत ३२० पेक्षा जास्त धरता येते, की सगळ्या गराला एकच दर लावतं? १४ पैकी तीनच यातून पार पडले. बाकीचे ११ कुठल्या पानावर अडले ते मी स्क्रीनच्या फोटोसकट लिहिलं. माझ्या साइटवर सगळ्यात जास्त वाचलं जातं ते हेच, अडलेल्या ११ चं. लोकांनी त्यातलं एखादं घेऊन हात पोळून घेतलेले असतात, त्यांना आपली अडचण तिथे शब्दाला शब्द सापडते.

पार पडलेल्या तिनांतलं एक म्हणजे टॅली, हिशेबाचं नेहमीचं सॉफ्टवेअर. बहुतेक कारखान्यांत ते आधीपासून असतंच. त्यात माल तयार करण्याच्या नोंदीला को-प्रॉडक्ट (बरोबरीनं निघणारा माल), बाय-प्रॉडक्ट (दुय्यम माल) आणि स्क्रॅप (टाकाऊ) असे प्रकार लावता येतात, किमतीचा वाटा टक्क्यांत पाडता येतो. हे कुणी उघडूनच पाहिलेलं नव्हतं. मी यादीत सरळ लिहिलं, टॅली असेल तर नवीन काही घेऊ नका, आहे तेच असं लावा. दुसरं ईआरपीनेक्स्ट, धंद्याचा सगळा कारभार सांभाळणारं सॉफ्टवेअर, मुंबईच्या फ्रापे कंपनीनं केलेलं. ते मुक्त-स्रोत आहे, स्वतःच्या सर्व्हरवर फुकट चालवता येतं. म्हणजे माझ्या पहिल्या तीन शिफारशींतल्या दोनांवर मला कमिशन मिळत नाही.

मग पैसे कुठून, हा तुमचा प्रश्न. टॅली असं लावता येतं हे वाचून चंदगडच्या एका कारखान्याचा फोन आला, ताई, तुम्हीच येऊन लावून द्या. गेले, दोन दिवस बसले, लावून दिलं. त्यांनी पुढच्या दोघांना सांगितलं. गेल्या आर्थिक वर्षात या कामातून मला दोन लाख ऐंशी हजारांच्या आसपास मिळाले. त्यात कमिशन नव्वद हजार. बाकी लावून देण्याचे, आणि मी तयार केलेल्या हिशेबाच्या शीटचे. ती शीट ६०० रुपयांना विकते, ज्यांचा कारखाना एवढा लहान आहे की सॉफ्टवेअर परवडतच नाही त्यांच्यासाठी. पहिले सात महिने मला एक रुपया मिळाला नव्हता. घरात औषधांचा खर्च आहे म्हणालात, म्हणून हे आधी सांगते. फोनवरचं अर्धवेळ काम मिळत असेल तर ते घ्या आणि हे शेजारी चालवा.

कमिशनवर पूर्ण विसंबू नका, त्याचंही कारण सांगते. एका कंपनीशी माझं ठरलं होतं की ग्राहक जितकी वर्षं पैसे भरेल तितकी वर्षं मला वीस टक्के. अकरा कारखाने मी त्यांच्याकडे दिले. दुसऱ्या वर्षी ईमेल आला, आता कमिशन फक्त पहिल्या वर्षाचं. करारात बारीक अक्षरात लिहिलेलं होतं की अटी कधीही बदलू शकतो. मी वाचलं नव्हतं. त्या दिवशी रडले, खरंच सांगते. आता मंजुरी घेण्याआधी तीन गोष्टी वाचते: कमिशन एकदाच की दर वर्षी, लिंक दाबल्यापासून किती दिवस आपल्या नावावर धरतात, आणि अटी बदलल्या तर जुन्या ग्राहकांचं काय. लिंकचे दिवस कारखान्याच्या बाबतीत फार महत्त्वाचे. मालक आज बघतो आणि गणपती झाल्यावर घेतो. ३० दिवसांची मुदत असेल तर तुमची मेहनत गेली.

तुमच्या १४० च्या यादीबद्दल. कंपनीनं स्वतःबद्दल लिहिलेलंच थोडं फिरवून लिहिलंय ना? मार्च २०२४ मध्ये गूगलनं शोधात वर येण्यासाठी ढिगानं काढलेल्या मजकुरावर नियम कडक केले. लिंक लावण्यापुरती पानं त्यात मागे पडतात. आणि सगळ्या धंद्यांची यादी करणारे कॅप्टेरासारखे १९९९ पासून बसलेत, त्यांच्याशी आपण काय झगडणार? पण ८० किलोचं पोतं त्यांनी कधी कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये घातलेलं नाही.

भाषेचं म्हणाल तर दोन्ही. लावून देण्याची कामं मराठी पानांवरून येतात, वेंगुर्ला, दोडामार्ग, आजरा, चंदगड. शीटची विक्री जास्त करून इंग्रजी पानावरून होते. काजू काही फक्त आपल्याकडेच नाही, कोल्लम, पलासा, पनरुटी इथेही कारखाने आहेत, आणि आफ्रिकेत आयव्हरी कोस्ट, टांझानियात नवे निघतायत. उतारा सगळीकडे ८० किलोच्याच पोत्यावर. टांझानियातल्या एका माणसानं माझी शीट घेतली आणि विचारलं की पाकळीचा रकाना दोन का नाहीत. त्याचं बरोबर होतं, मी दोन केले.

एक रकाना मात्र कुठल्याही परदेशी यादीत मिळणार नाही. मे २०२१ ला तौक्ते वादळ गेलं तेव्हा आमच्या वाडीत आठवडाभर वीज नव्हती. टॉवरही बंद. तेव्हा एका मालकीणबाईंनी मला म्हटलं होतं, "बाय, माका लाईट नसताना चालणारा होया, बाकी काय नको." तेव्हापासून प्रत्येक सॉफ्टवेअरपुढे मी लिहिते, नेट नसताना किती दिवस चालतं, आणि नेट आल्यावर नोंदी दुप्पट होतात का. हे मी राउटर बंद करून स्वतः बघते.

हर्णैकर

ताई, दोनदा वाचलं. १४० ची यादी आज रात्रीच उतरवतो. खरं तर दवाखाना किंवा जिम आतून मी कधी पाहिलेलीच नाही.

मला आतून माहीत आहे ती मासेमारी. मामाची बोट आहे, लहानपण बंदरावर गेलं. पण तिथे सॉफ्टवेअरला कुणी पैसे देईल का? मासळी कुठे मिळेल याचा सल्ला हैदराबादच्या इन्कॉइस या सरकारी समुद्र-माहिती केंद्राकडून फुकट येतो, हवामान खात्याचे इशारे फुकट. आणि बोटवाले मोबाइलवर हिशेब ठेवतील असं वाटत नाही.

काजूहिशेब_वेंगुर्ला

फुकटचं यादीत पहिलं ठेवा. इन्कॉइसचा सल्ला कुठे आणि कसा मिळतो, मराठीत येतो का, कुठल्या बंदराच्या नावानं शोधायचा, हे नीट लिहिलेलं पान बोटवाले एकमेकांना पाठवतील. त्यावर एक रुपया मिळणार नाही, पण तुमचा नंबर त्यांच्या फोनमध्ये जाईल.

पैसे हिशेबात आहेत. माझ्या माहेरी मालवणला एक बोट होती, तिचा हिशेब डोळ्यांसमोर आहे: डिझेल, बर्फ, शिधा, जाळ्याची दुरुस्ती, लिलावात आलेली रक्कम, मग तांडेल (बोटीवरचा म्होरक्या) आणि खलाशांचे वाटे. त्यात उचल, म्हणजे हंगामाच्या सुरुवातीला दिलेले आगाऊ पैसे. शिवाय सोसायटीमार्फत डिझेलवरच्या कराचा परतावा मिळतो, तो महिने-महिने मागे चालतो, आणि किती यायचा राहिलाय हे मालकाला तोंडपाठ नसतं. पगाराचं सॉफ्टवेअर महिन्यावर चालतं, बोट फेरीवर चालते. तुमचं पोतं म्हणजे एक फेरी. ती घाला सगळीकडे.

आणि वेळ साधा. १ जून ते ३१ जुलै बंदी असते, बोटी वर ओढलेल्या. त्या ६१ दिवसांत मालक जाळी विणून घेतो आणि वर्षाचे हिशेब मिटवतो. तुमचं लिखाण मेअखेर तयार हवं. ऑगस्टात नारळी पौर्णिमेनंतर कुणाला फोन केलात तर उचलणारसुद्धा नाहीत. मी पहिल्या वर्षी एप्रिलमध्ये कारखान्यांना फोन करत बसले होते, ऐन बी खरेदीत. दोघांनी चक्क फोन ठेवून दिला.

चिपळूण_सीए

कराचं आत्ताच सांगून ठेवतो, कारण माझ्याकडे लोक मार्चअखेर येतात आणि मग उशीर झालेला असतो.

कमिशन हे धंद्याचं उत्पन्न. देशातली कंपनी ठरावीक रकमेवर टीडीएस, म्हणजे आधीच कापलेला कर, वजा करून देते, तो आयकर खात्याच्या साइटवर तुमच्या नावावर जमा दिसतो का ते तपासत जा. परदेशातून पैसे आले तर बँकेकडून आवक रकमेचं प्रमाणपत्र घेऊन ठेवा. छोट्या धंद्यांना अंदाजित नफ्यावर कर भरायची जी सोपी सोय आहे, ती कमिशन आणि दलालीच्या उत्पन्नाला लागू नाही. बऱ्याच जणांना हे ठाऊक नसतं. त्यामुळे प्रवास, इंटरनेट, सॉफ्टवेअरची फी यांच्या पावत्या पहिल्या दिवसापासून जपा. ताईंसारखं लावून देण्याचं काम आणि कमिशन दोन्ही असेल तर वहीत दोन्ही वेगळं लिहा. सेवांना जीएसटी नोंदणीची मर्यादा साधारण २० लाखांची आहे, तिथवर पोचायला वेळ आहे. पण परदेशी कमिशनचं प्रकरण गुंतागुंतीचं असतं, तेव्हा त्याआधी एकदा कुणाला तरी दाखवा.

आणखी एक. ज्या लिंकवर कमिशन मिळतं तिथेच, वरती, मराठीत ठळक लिहा की यावर मला पैसे मिळतात. जाहिरातींच्या मानक परिषदेची २०२१ ची सूचना आणि ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वं, दोन्हीत हे आहे. पानाच्या तळाशी लपवून उपयोग नाही.

काजूहिशेब_वेंगुर्ला

सीए साहेबांचं शेवटचं मी सुरुवातीपासून पाळते. "या लिंकवरून घेतलंत तर मला वर्षाला अमुक रुपये मिळतात," असा आकडाच लिहिते. आकडा लिहिल्यापासून लोक फोन करून विचारतात, ताई, तुम्हाला मिळू देत, पण खरंच घेऊ का? आणि मी नको म्हटलेलंही त्यांना पटतं.

जामसंडे_बागायतदार

हर्णैकर मासेमारीत जातायत, चांगलंच आहे. पण माझ्या पट्टीचं राहिलंच की.

काजूहिशेब_वेंगुर्ला

दादा, हंगाम आटोपला की पाच-सहा पट्ट्यांचे फोटो पाठवा, अडत्याचं नाव झाकून. आंबा माझा विषय नाही, यादी करणार नाही. पण पेटी आणि डझन ही दोन मापं एका मालाला लावणं मला टॅलीत जमतं का ते बघते. आधीच सांगते, चार डझनाची आणि सहा डझनाची पेटी ही दोन वेगळी नावं करावी लागतील.

हर्णैकर

काल संध्याकाळी मामाबरोबर लिलावाला गेलो होतो. लहानपणापासून बघतोय, पण काल पहिल्यांदा वही घेऊन उभा राहिलो. पापलेट, सुरमई, कोळंबी वेगळी, बाकी मिश्र मासळी टोपलीवर. भाव बोलला तो कुणीच लिहून घेत नाही, लिलाव करणारा डोक्यात ठेवतो आणि रात्री मामाला फोनवर सांगतो. रात्री मामाच्या घरी बसून चार दिवसांची एक फेरी पूर्ण उतरवली. डिझेल, बर्फ, शिधा, लिलावाच्या सहा नोंदी, आठ माणसं. त्यातल्या तिघांची उचल दिवाळीपासूनची आहे आणि ती कुणाच्या किती वाट्यातून वळती झाली यावर मामा आणि तांडेल यांचा माझ्यासमोरच वाद झाला. दोघांकडे दोन आकडे. चार हजार दोनशेचा फरक.

सकाळी ती फेरी पहिल्या सॉफ्टवेअरमध्ये घातली. खलाशाला त्यानं कर्मचारी म्हणून घेतलं आणि महिन्याचा पगार भरल्याशिवाय पुढचं पान उघडेना. फोटो काढून ठेवलाय. ताई, उचल तुम्ही कारखान्यातल्या बायकांची कुठल्या खात्यात धरता, मजुरीच्या की येणे रकमेच्या?